साखळी, चांदणी की कडी

देवराम भोये कपाचा कान धरून चहा पीत नाहीत. कप डाव्या तळहातावर ठेवतात, वरून उजव्या हाताची चार बोटं लावतात आणि हातात पाखराचं पिल्लू असावं तसा सावकाश ओठांपर्यंत नेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बोटाला काही लागलं असेल. म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "कान तुटला तं?"

मी कपाकडे पाहिलं. शाळेचा जाडजूड कप होता. कान तर बाकी कपापेक्षाही दणकट होता. मी तसं म्हणालो. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. या माणसाला अजून पुष्कळ कळायचं आहे, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता, आणि तो बरोबर निघाला.

"तुटलं तं?" हा देवरामदादांचा प्रश्न. तो ते कशालाही विचारतात. त्यांच्या पायजम्याला नाडी असते आणि नाडीवर सुतळीही असते. विहिरीत कळशी सोडताना दोन दोर बांधतात. मोखाड्याहून वर यायला जीपमध्ये बसायचं असेल तर आधी मागे दुसरी जीप लागली आहे का ते बघतात. नसली तर पहिलीत बसत नाहीत. पहिली बंद पडली तं? एकदा मी त्यांच्यासोबत होतो. दुसरी जीप येईपर्यंत आम्ही पाऊण तास उभे राहिलो. ती आल्यावर पहिलीत बसलो. दोन्ही जीप व्यवस्थित वर पोचल्या. माझ्या चेहऱ्यावर वैताग दिसला असावा, कारण उतरताना ते म्हणाले की गाडी बंद पडली नाही याचा अर्थ ती बंद पडणार नव्हती असा होत नाही. मी मराठी शिकवतो. ते वाक्य मी घरी जाऊन वहीत लिहून पाहिलं. व्याकरणात चूक नव्हती, तरी मला ते नीट कळलं नाही.

माझी शाळा सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावर आहे. आश्रमशाळा. मुलं तिथंच राहतात, मी जव्हारला खोली घेऊन राहतो आणि दोन जीप बदलून वर येतो. मी नवा होतो तेव्हा प्रार्थनेचा कर्णा बंद पडला. स्वयंपाक करणाऱ्या सखूबाई म्हणाल्या, देवरामला बोलवा, तो भिवंडीला आवाजाचं काम करून आलाय. देवरामदादा आले, कर्णा दुरुस्त केला आणि न सांगता शेजारी दुसरा लावून गेले. का, ते तुम्हाला आता कळलंच असेल.

भिवंडीला साउंडवाल्या एका शेठच्या गोदामात ते बारा वर्षं होते. आधी खोकी उचलायची, मग वायरी गुंडाळायच्या, मग जोडायच्या, आणि शेवटी मिक्सरवर बसायचं, अशी त्यांची बढती झाली. शेठनं धंदा बंद केला तेव्हा जुना डिजिटल माल यांना देऊन टाकला: एक मिक्सर, सहा डबे, स्पीकर आणि वायरींची भेंडोळी. त्याला आता तीन वर्षं झाली. भात आणि नागली पिकवायची, आणि उरल्या वेळात लोकांचे मोबाइल, रेडिओ दुरुस्त करायचे. हा एवढा माल घरात असून ते कुणाच्या कार्यक्रमाला जात नाहीत, हे मला चमत्कारिक वाटायचं. जामसरहून लग्नाचं बोलावणं आलं, जव्हारहून आलं, ते सरळ नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा एखाद्याला विक्षिप्त ठरवलं की कारण विचारायची गरज राहत नाही.

मग आमच्याकडे संमेलन ठरलं. तीन शाळा, तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाच, गाणी, भाषणं, बक्षिसं. मुख्याध्यापिका बाईंनी समित्या केल्या आणि ध्वनी समिती मला दिली. समितीत अध्यक्ष मी होतो आणि सभासद कोणीही नव्हते. बाई म्हणाल्या, तुमचं त्या देवरामशी बरं जमतं.

मी त्यांच्याकडे शब्द टाकला. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी मात्र तीन दिवस मागितले. त्या तीन दिवसांत ते मला शाळेच्या आजूबाजूला सारखे दिसत. भाताच्या रिकाम्या खाचरातून पावलं मोजत जात, पाण्याच्या टाकीपाशी थांबून वर टेकडीकडे बघत, परत फिरत. चौथ्या दिवशी सकाळी बाईंच्या खोलीत आले, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि बाईंच्या टेबलाच्या काचेवर मूठभर नागली ओतली.

"तीन तऱ्हा हायेत," ते म्हणाले.

नागलीच्या ढिगल्या म्हणजे डबे होते. डब्यात माइक लावायचा, डब्याला स्पीकर लावायचा, आणि सगळे डबे मिक्सरला वायरीनं जोडायचे. पण कसे जोडायचे, हा प्रश्न होता. पहिली तऱ्हा साखळी: पहिल्या डब्यातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, हातोहात. दुसरी चांदणी: मधे स्विच ठेवायचा आणि त्याच्यापासून प्रत्येक डब्याला वेगळी वायर. इथं मी, अध्यक्ष या नात्यानं, स्विच दाराशेजारी असल्याचं दाखवून दिलं. त्यांनी पिशवीतून आठ भोकांची एक चपटी डबी काढली. स्विच हा होता. बाईंनी विचारलं, याला चालू-बंद कुठून करायचं? ते म्हणाले, करायचं नसतं. मग याला स्विच का म्हणतात, असं बाईंनी विचारलं. देवरामदादांनी विचार केला आणि म्हणाले, शेठ तसंच म्हणायचे.

पुढचं आणखी अवघड होतं. आवाज वायरीतून आवाज म्हणून जात नाही. त्याचे आकडे होतात, आकडे जातात आणि पलीकडे पुन्हा आवाज होतो. एकाच वायरीतून जातोही आणि येतोही. यासाठी सगळ्या डब्यांचं घड्याळ एक लागतं. एक डबा मास्टर, बाकीचे त्याच्या मागे. बाईंनी घड्याळ एवढंच ऐकलं आणि वेळ काटेकोर पाळायचीच असं बजावलं, कारण मागच्या वेळी उद्‌घाटन दोन तास उशिरा झालं होतं. आणि मास्तर म्हणून पाहिजे तर भूगोलाच्या सरांना देते, असंही म्हणाल्या. देवरामदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तिसरी तऱ्हा कडी. साखळीचं शेवटचं टोक मोकळं सोडायचं नाही, दुसऱ्या वाटेनं फिरवून परत मिक्सरला आणायचं. मग वायर कुठंही एका जागी तुटली, तरी आवाज उलट्या बाजूनं फिरून पोचतो.

बाईंनी चांदणी पसंत केली. दिसायला सुबक होती आणि स्विच त्यांच्या खोलीत राहणार होता. देवरामदादा म्हणाले, चांदणी चांगलीच, पण पोचत नाही. ही वायर एका दमात शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, मधे डबा लागतोच. बाई म्हणाल्या, मैदान काही शंभर मीटर नाही, मग पोचायचं कुठं आहे? यावर त्यांनी नागलीची एक ढिगली बोटानं सरकवत पार काचेच्या कडेला नेली. एक डबा मंचाजवळ, दोन नंबर पाण्याच्या टाकीपाशी, तीन नंबर चक्कीपाशी, आणि चार नंबर, ते म्हणाले, "वरती ठेवतो."

"वरती म्हणजे?"

"वरती."

मला वाटलं, झाडावर. चक्कीच्या वर आंब्याचं मोठं झाड आहे. बाईंना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांचं लक्ष पाच आणि सहा नंबरच्या ढिगल्यांकडे गेलं होतं. हे दोन डबे भाताच्या खाचरात ठेवायचे होते, जिथं चिटपाखरू नसतं. त्यांना माइक नाही, स्पीकर नाही. ज्याला बोलायचं नाही आणि ऐकवायचंही नाही, तो डबा तिथं कशाला, हा बाईंचा प्रश्न मलाही रास्त वाटला. देवरामदादांनी उत्तर दिलं, ते तुम्हाला पाठ आहे.

बाई म्हणाल्या, मग साधी साखळी करा आणि ते दोन डबे घरीच राहू द्या. देवरामदादांनी नागली गोळा करायला सुरुवात केली. एकेक दाणा. सगळी पुरचुंडीत बांधून झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले की साखळी असेल तर मला जमायचं नाही. चांदणी असेल तरी नाही. तुम्ही जव्हारहून दुसरा माणूस आणा. आणि निघाले.

मी त्यांच्या मागे धावलो. दुसरा माणूस आणायचा तर तो मला आणावा लागणार होता, हे एक कारण होतं. पण त्यांचा चेहराही पाहिला होता. तीन दिवस खाचरातून पावलं मोजणाऱ्या माणसाला ते काम हवं होतं, हे मला दिसलं होतं. शेवटी बाईंना मी सांगितलं की कडीच करावी, हे ध्वनी समितीचं एकमत आहे. एकमतच होतं, कारण समितीत मत एकच होतं. बाई कबूल झाल्या, फक्त पाहुण्यांच्या पायात वायर आली तर बघा म्हणाल्या.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यांत ठेवले होते, म्हणजे धूळ नको. प्रत्येकाशेजारी बॅटरी होती, आणि तिच्याशेजारी दुसरी. मी माइकवर "एक, दोन, तीन" म्हणालो, तर ते टाकीवरून, चक्कीवरून असं खणखणीत आलं की मला स्वतःविषयी आदर वाटला. मग देवरामदादांनी खाचराकडून आलेलं वायरीचं शेवटचं टोक मिक्सरला लावलं. कडी पूर्ण झाली आणि मी "चार" म्हणालो. माझा चार कुठूनही आला नाही. स्पीकर एकदा कडकडले आणि गप्प झाले. सगळे बारके दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकायला लागले. मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची एकही पट्टी ऐकेना.

बाई व्हरांड्यात आल्या. मी काहीतरी बोललो, बहुधा घड्याळाविषयी. देवरामदादा जमिनीवर बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "आवाज नुसता फिरतोय. थांबायला जागा नाय त्याला."

मला एवढंच समजलं की कडीत बसवायचं तर प्रत्येक डब्याला आधी तसं सांगावं लागतं. त्याच्या मागं एक बारीक खटका असतो, तो फिरवायचा. एखाद्याला सांगायचं राहिलं की तो आलेले आकडे पुन्हा ढकलतो, पुढचा आणखी ढकलतो, आणि त्याला अंत नसतो. त्यांनी बोटांवर मोजलं आणि एकदम उठून टेकडीच्या वाटेनं पळत सुटले. चार नंबर राहिला होता. पन्नाशीचा माणूस सुतळी सावरत चढणीवर पळताना मी पहिल्यांदाच पाहिला. पाचेक मिनिटांनी दिवे शांत झाले आणि मैदानात मी मघाशी म्हटलेला नाही, पण नवा "चार" चारी दिशांनी घुमला.

पहिला दिवस चांगला गेला. देवरामदादा सकाळी नऊला मिक्सरवर बसले ते जेवणाच्या सुट्टीत उठले आणि टेकडीच्या वाटेनं गेले. सुट्टी संपायच्या आत परत आले. कानावर मोठा हेडफोन, तोही एकाच कानावर. दुसरा कान मंचाला दिलेला. मधूनच मिक्सरवरच्या एका छोट्या माइकची कळ दाबत आणि त्यात पुटपुटत. मंचावर पाहुण्यांचं भाषण चाललेलं, आणि हे इकडे कळ दाबून "हां, ऐकलं," म्हणायचे. थोड्या वेळानं "नको, ऱ्हाऊ दे." मी इकडे तिकडे पाहिलं. आसपास कुणी नव्हतं. आकड्यांशी बोलत असतील असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मंचावरचा माइक खरखरायला लागला. देवरामदादा उठले, हेडफोन काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, कानाला लावा, आणि काही बोललं तर मला हाक मारा. कोण बोललं तर, असं मी विचारेपर्यंत ते मंचावर पोचले होते.

मी हेडफोन लावला. मंचावरचं गाणं त्यात नव्हतं. वारा होता. कोंबडी कुरकुरत होती. भांडं घरंगळल्यासारखा आवाज आला. मग एक बाई बोलायला लागली. शब्द जड होते, सावकाश येत होते, पण स्पष्ट होते. ती म्हणाली की ऊन आता उंबऱ्यावर आलं. मग म्हणाली की कोंबडी पुन्हा आत आली, आता मी हिला कशी हाकलू, बसू दे. मग म्हणाली की आत्ता गायली ती पोरगी खालच्या वाडीतल्या गंगूची असणार, आवाज अगदी आईसारखा आहे.

माझा समज असा झाला की आकड्यांचा घोळ होऊन कुठल्या तरी दुसऱ्याच घरातली बाई आमच्या वायरीत शिरली. मी देवरामदादांना हात केला, पण ते माइकमध्ये गुंतले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "चहा घेतला का तुमी?"

मी घेतला नव्हता. पण ते तिला कसं सांगायचं? मी घाबरत घाबरत कळ दाबली आणि म्हणालो, मी सर बोलतोय.

"मराठीचे सर?"

"हो."

"मंग त्यांना सांगा सर, डोकीला काय तरी बांधा. ऊन लागतंय त्यांना."

देवरामदादा परत आल्यावर मी निरोप दिला. त्यांनी खिशातून रुमाल काढून मुकाट्यानं डोक्याला बांधला. मग खुर्ची मिक्सरजवळ ओढून, नजर मंचावरच ठेवून ते बोलले. "जनी हाय. माझी घरवाली. तीन वरसं झाली, उजवी बाजू गेली तिची. खाटेवर असती."

चार नंबरचा डबा झाडावर नव्हता. त्यांच्या घरात, जनीबाईंच्या खाटेशी होता, माइक आणि स्पीकरसकट. एरवी शेजारच्या बायका येऊन-जाऊन असतात, पण संमेलनाला सगळा पाडा मैदानात उतरलेला, कारण प्रत्येकीचं कुणी ना कुणी नाचत होतं. लेक दाभोशाला दिलेली, तिचं स्वतःचं मूल लहान. घरी एकट्या जनीबाई. मी विचारलं, मग मोबाइल का नाही ठेवत जवळ? विचारल्यावर लगेच मला माझं उत्तर मिळालं. आमच्याकडे रेंज एका खडकावर येते, आणि तिथंही उभं राहावं लागतं.

त्यांनी मात्र वेगळंच सांगितलं. तेव्हा ते भिवंडीला होते. जनीबाई त्याच खडकावर उभ्या राहून त्यांच्याशी बोलत होत्या. बोलता बोलता फोन तुटला.

"मला वाटलं, रेंज गेली," ते म्हणाले. "नेहमीच जायची. मी जेवलो, झोपलो."

त्या खडकावरून पडल्या होत्या. झटका आला होता. सकाळी लाकडाला निघालेल्या बायकांना सापडल्या.

मंचावर टाळ्या झाल्या. त्यांनी एक पट्टी खाली घेतली, दुसरी वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी सखूबाईंकडून दोन कप चहा आणला आणि आम्ही तो प्यायलो. नंतर कळलं की हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. सखूबाईंना तर मी कानकोंडा होऊन विचारलं की मला आधी कुणी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुम्ही कधी विचारलं?

तिसऱ्या दिवशी दुपारी बक्षीस समारंभ चालू असताना पाहुण्यांना घेऊन आलेली एक जीप टाकीपाशी मागे वळली आणि तिच्या चाकात आमची वायर गुंडाळली गेली. हे मला नंतर समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की मिक्सरवरचा एक हिरवा दिवा पिवळा झाला. आवाज थांबला नाही. टाकीवरचा स्पीकर चालू होता, चक्कीवरचा चालू होता. मैदानातल्या एकाही माणसाला कळलं नाही. मला तर दिवा आधीपासून पिवळाच होता असं वाटलं.

देवरामदादांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाले की ती बोलतेय, खाचराकडून येतंय. मी म्हणालो, मग झालं की, तुमची कडी जिंकली. ते म्हणाले, "आता कडी नाय ऱ्हायली सर. आता साखळी झाली." आणि उठले. ही पट्टी वर, ही खाली, एवढंच, असं मला सांगून हेडफोन माझ्या गळ्यात घातला आणि चालते झाले.

मला वाटलं, टाकीपाशी वायर जोडायला गेले. मी मिक्सरपुढे बसलो. ही वर, ही खाली. पण वर कुठली आणि खाली कुठली, हे पाचव्या बक्षिसापर्यंत माझ्या डोक्यातून गेलं. मी जी वर केली ती प्रमुख पाहुण्यांच्या पुढ्यातल्या माइकची निघाली. साहेब शेजारी वाकून हळूच विचारत होते की चहाची काही सोय आहे का. ते मैदानात, टाकीवर, चक्कीवर आणि वरच्या पाड्यावर सगळीकडे ऐकू गेलं. मुलं हसली, मग साहेबही हसले. बाई हसल्या नाहीत.

माझ्या कानातही हसू आलं. जड, थांबून थांबून आलेलं. आणि त्याच्या मागोमाग पावलं ऐकू आली, चढण चढून आलेल्या माणसाचा दम ऐकू आला.

"तुमी का आलात?" जनीबाई म्हणाल्या. "काम टाकून?"

माठावरचं भांडं वाजलं.

"पाणी प्यायला आलो," देवरामदादा म्हणाले.

मी हेडफोन काढून ठेवला. पुढची बक्षिसं कशी झाली ते मला आठवत नाही. थोड्या वेळानं पिवळा दिवा पुन्हा हिरवा झाला, तेव्हा कळलं की वायर त्यांनी परत येताना जोडली.

संध्याकाळी सामान आवरल्यावर मी त्यांच्यासोबत वर गेलो. वायर गुंडाळायला मदत म्हणून, असं मी म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदाच गेलो होतो, आणि वाट पाच मिनिटांची निघाली. घर कुडाचं, सारवलेलं. खाट दाराकडे तोंड करून ठेवलेली. छताच्या वाशाला सुतळीनं माइक टांगला होता, जनीबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून डावा हात कपाळाशी नेला आणि साहेबांना चहा मिळाला का, असं विचारलं. पण काय विचारलं ते मला दोनदा ऐकल्यावर कळलं. आवाज पार बसला होता. नुसती हवा येत होती.

देवरामदादा घाबरले. काय झालं, सर्दी झाली का, घसा दुखतो का, असं वाकून विचारायला लागले. मीही माझ्याकडून भर घातली की तीन दिवस जोराचा वारा होता, दार उघडं होतं, गारठा बाधला असेल. जनीबाई मान हलवत राहिल्या. मग मीच विचारलं की तीन दिवसांत त्यांना बोलवायची कधी वेळ आली का? म्हणजे खरंच काही लागलं का?

"काय नाय लागलं," त्या म्हणाल्या. "मला एवढं बोलायची सवय हाय का सर? दिसभर कोणाशी बोलते मी?"

त्यांना दम लागला, म्हणून थांबल्या. डाव्या हातानं माइककडे बोट केलं.

"पण मी गप ऱ्हायले तं त्यांना वाटायचं, तुटलं. म्हणून बोलत ऱ्हायले. सकाळधरनं. ऊन आलं, कोंबडी आली, काय पण. मधे बोलायला काय नव्हतं तं आकडे म्हटले. एक, दोन, तीन. शंभरापर्यंत म्हटले, परत पहिल्यापासनं म्हटले."

देवरामदादा माइकची सुतळी सोडायला वर झाले होते. हात तसेच वाशाला राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी माइक सोडवला, फडक्यात गुंडाळला, कोपऱ्यात ठेवला आणि खाटेच्या कडेला येऊन बसले.

"आता गप बस जरा," ते तिला म्हणाले. "मी हाय इथं."

त्या गप्प बसल्या. तेही बसले. मी उंबऱ्यावर बसलो. खाली मैदानात मुलं सतरंज्या झटकत होती. आम्ही तिघं अंधारून येईपर्यंत तसेच बसलो होतो, आणि कुणालाही काही बोलावं लागलं नाही.